एचआयव्ही चाचणी: रक्तपेढीपासून समुपदेशन केंद्रापर्यंत

एचआयव्हीची पहिली चाचणी तयार झाली ती रक्ताच्या पिशव्या तपासण्यासाठी. तिच्या इतिहासातील बरेचसे घोळ, अन्याय आणि नंतर आलेले नियम या एका गोष्टीतून उलगडतात. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली. 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने नवा विषाणू वेगळा केला आणि 1984 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने तोच एड्सला कारणीभूत असल्याचे पुरावे मांडले. तोवर रक्त चढवलेल्या आणि हिमोफिलियासाठी रक्तजन्य औषधे घेणाऱ्या रुग्णांनाही लागण होऊ लागली होती. रक्तपेढ्यांना तातडीने चाळणी हवी होती. 2 मार्च 1985 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲबट कंपनीच्या एलायझा चाचणीला परवाना दिला. ही चाचणी एड्सची निदानचाचणी म्हणून वापरू नये, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकातच होती.

एलायझा चाचणीत विषाणू शोधला जात नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. 96 बारीक खळगे असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये विषाणूची प्रथिने आधीच चिकटवलेली असतात. प्रत्येक खळग्यात एकेका व्यक्तीचा रक्तद्रव सोडतात. त्यात प्रतिपिंडे असतील तर ती प्रथिनांना धरून बसतात, नसतील तर धुण्यात निघून जातात. मग विकर जोडलेले दुसरे द्रावण आणि शेवटी रंग देणारे द्रव्य घालतात. खळग्यात रंग उतरला की नमुना ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. रंग किती गडद झाला हे यंत्र मोजते आणि ठरावीक मर्यादेच्या वरचा आकडा संशयास्पद धरला जातो.

ही मर्यादा कुठे आखायची, यात खरी मेख होती. रक्तपेढीच्या दृष्टीने एक दूषित पिशवी सुटणे हे दहा चांगल्या पिशव्या फेकून देण्यापेक्षा कितीतरी वाईट. त्यामुळे मर्यादा मुद्दाम खाली ठेवली गेली: एकही दूषित नमुना सुटू नये, मग काही निर्दोष नमुने अडकले तरी चालतील. सुरुवातीच्या किटसाठी विषाणू मानवी पेशींत वाढवला जात असे, त्या पेशींचे अंश प्लेटवर उरत. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात परक्या मानवी पेशींविरुद्धची प्रतिपिंडे असू शकतात. ती या अंशांना चिकटत आणि एचआयव्हीशी काडीचा संबंध नसलेली बाई रिअ‍ॅक्टिव्ह ठरे. पिशवी असती तर ती नुसती टाकून दिली असती.

माणसे मात्र स्वतःबद्दल जाणून घ्यायला उत्सुक होती आणि चाचणी मिळत होती रक्तदान केंद्रावर. धोका असलेले लोक केवळ तपासणीसाठी रक्तदान करतील आणि रक्तसाठाच धोक्यात येईल, या भीतीने अमेरिकी सरकारने 1985 मध्ये स्वतंत्र चाचणी केंद्रे काढली. म्हणजे माणसांच्या तपासणीची पहिली सोयसुद्धा रक्त वाचवण्यासाठीच झाली. रिअ‍ॅक्टिव्ह निकाल पडताळण्यासाठी वेस्टर्न ब्लॉट पद्धत वापरात आली, तिला 1987 मध्ये परवाना मिळाला. तिच्यात विषाणूची प्रथिने आकारानुसार एका पट्टीवर वेगवेगळी केलेली असतात आणि प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या प्रथिनांना चिकटली हे आडव्या रेषांवरून दिसते. ठरावीक रेषा उमटल्या तर पॉझिटिव्ह, एकही नाही तर निगेटिव्ह. अधेमधे काही उमटले तर निकाल ‘अनिश्चित’. ही चाचणी महाग, वेळखाऊ आणि वाचायला अवघड होती.

भारतात ही कथा मद्रासमध्ये सुरू होते. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातील. त्यांनी आपली पदव्युत्तर विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी विषय सुचवला: मद्रासमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी. हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे येणार नाही, असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. निर्मला यांनी स्त्रियांच्या सरकारी सुधारगृहात जाऊन नमुने गोळा केले. रक्तद्रव वेगळा करून साठवण्याची धड सोय नव्हती, म्हणून नळ्या त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिल्या. मद्रासमध्ये एलायझाची सोय नव्हती, ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत होती. फेब्रुवारी 1986 मध्ये बर्फाच्या डब्यात नळ्या घालून निर्मला आणि त्यांचे पती रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तिथून रिक्षाने वेल्लोरला गेले.

सकाळी चाचणी लावली. दुपारी वीज गेली म्हणून सगळे चहाला गेले. परत आल्यावर झाकण उघडले तेव्हा सहा खळगे पिवळे झालेले होते. निकालावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. त्या स्त्रियांकडून पुन्हा नमुने घेतले गेले, ते अमेरिकेत नेऊन वेस्टर्न ब्लॉटने तपासले गेले आणि निकाल कायम राहिला. त्यानंतरच सरकारला कळवले गेले आणि तमिळनाडूचे आरोग्यमंत्री डॉ. एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत घोषणा केली. भारतातील पहिला निकाल दोनदा पडताळून जाहीर झाला, ही या शास्त्रज्ञांची शिस्त. पुढच्या अनेक वर्षांत ती अनेकांनी पाळली नाही.

ज्या स्त्रियांच्या रक्तातून हे समजले त्यांच्या वाट्याला काय आले, हा या इतिहासातील अप्रिय भाग. चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रियांना सुधारगृहात डांबून ठेवण्याचे धोरण तमिळनाडूत राबवले गेले. शिक्षेची मुदत संपली तरी सुटका नाही, उपचार नाहीत आणि कित्येकींना आपण आत का आहोत हेही ठाऊक नाही. पत्रकार श्यामला नटराज यांनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर 1990 मध्ये त्यांची सुटका झाली.

गोव्यात तर कायदाच करण्यात आला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद घालण्यात आली होती. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदाता होता. त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीचा निकाल त्याला सांगितला गेला नाही, तो पोलिसांपर्यंत गेला. 14 फेब्रुवारी 1989 रोजी पोलिसांनी त्याला बोलावून घेतले आणि म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या इमारतीत नेऊन ठेवले. आपल्याला काय झाले आहे हे त्याला अशा रीतीने कळले. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका केली, आनंद ग्रोव्हर यांनी ती लढवली. 64 दिवसांनी डॉमिनिक बाहेर आला. कायद्यातील सक्ती पुढे सरकारच्या ऐच्छिक अधिकारात बदलली, पण न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले नाही. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये त्याचे निधन झाले. ‘माय ब्रदर... निखिल’ हा 2005 चा हिंदी चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. पिशवीसाठी केलेल्या चाचणीचा निकाल थेट माणसावर बजावला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देशात सापडत नाही.

1989 मध्येच भारतात दान केलेल्या प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. तरी लहान रक्तपेढ्यांकडे यंत्रेही नव्हती आणि माणसेही, शिवाय पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते बाजारात होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. तपासणीत रिअ‍ॅक्टिव्ह निघालेल्या दात्याला काहीच कळवायचे नाही, पिशवी तेवढी नष्ट करायची, असे बराच काळ चालले. गोव्यातला अनुभव पाहता त्यात गोपनीयतेची काळजी होती, पण ज्याला लागण झाली आहे तोच अंधारात राही. पुढे धोरण बदलले आणि दात्याच्या संमतीने त्याला समुपदेशन केंद्राकडे पाठवण्याची पद्धत आली.

1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. ‘नारी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली गेली आणि चाचण्यांच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या प्रयोगशाळांत तिला महत्त्वाचे स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर आधारलेली तीन धोरणे या काळात भारतात आली. रक्तपेढीत एकच चाचणी: रिअ‍ॅक्टिव्ह आली की पिशवी नष्ट. सर्वेक्षणासाठी किंवा लक्षणे स्पष्ट असलेल्या रुग्णासाठी दोन. कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीला पॉझिटिव्ह म्हणायचे असेल तर वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या किंवा वेगवेगळी प्रथिने वापरणाऱ्या तीन चाचण्या, आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह. रक्ताचा थेंब तोच, पण निकाल कशासाठी हवा आहे यावर चाचण्यांची संख्या ठरते. वेस्टर्न ब्लॉटची महागडी पट्टी त्यामुळे रोजच्या कामातून बाजूला पडली. संपूर्ण चाचणी-व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच म्हणावा लागेल.

त्यामागचे गणित साधे आहे. समजा, 10,000 प्रौढांची तपासणी केली आणि त्यांच्यात लागण 0.2 टक्के आहे. भारतातील अलीकडचे प्रमाण साधारण एवढेच आहे. म्हणजे 20 जणांना खरोखर लागण आहे. चाचणी 99.5 टक्के अचूकपणे निरोगी माणसाला निरोगी ठरवते असे धरले, तरी उरलेल्या 9,980 जणांपैकी सुमारे 50 जण विनाकारण रिअ‍ॅक्टिव्ह येतील. एकूण 70 रिअ‍ॅक्टिव्ह निकालांत 50 खोटे. ज्या गटात लागण 20 टक्के आहे तिथे तीच चाचणी वापरली, तर 2,000 खऱ्यांमागे फक्त 40 खोटे निघतात. किट तेच, अचूकता तीच, पण निकालाचा अर्थ पार बदलला. दुसरी आणि तिसरी चाचणी लावली की हे खोटे निकाल जवळजवळ सगळे गळून पडतात. 1990 च्या दशकात खासगी प्रयोगशाळांच्या एकाच एलायझाच्या कागदावर नोकऱ्या गेल्या, लग्ने मोडली, शस्त्रक्रिया नाकारल्या गेल्या. त्यांतले काही निकाल मुळात चुकीचे असणार, हे या हिशेबावरून उघड आहे.

जलद चाचण्यांनी पुढचा टप्पा गाठला. एलायझाला यंत्र, वीज आणि बरेच नमुने एकदम लागतात; तालुक्याच्या रुग्णालयात यांपैकी काहीच हमखास नसे. भारतीय कंपन्यांनी बनवलेली कोम्ब एड्स आणि ट्राय-डॉट ही किट गावोगावच्या तंत्रज्ञांच्या हातात आली. ट्राय-डॉटच्या चकतीवर तीन ठिपक्यांची जागा असते. वरचा ठिपका चाचणी नीट झाली हे दाखवतो. तो उमटला नाही तर निकाल बाद, पुन्हा चाचणी. खालचे दोन ठिपके एचआयव्ही-1 आणि एचआयव्ही-2 साठी. एचआयव्ही-2 च्या ठिपक्याला महाराष्ट्र आणि गोव्यात विशेष अर्थ होता. एचआयव्ही-2 हा पश्चिम आफ्रिकेत सापडलेला, तुलनेने मंद गतीने वाढणारा प्रकार. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि गोव्याकडच्या नमुन्यांत तो आढळला. काही औषधे त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून हा फरक रुग्णाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा.

याच दशकात मुंबई उच्च न्यायालयात आलेला एक खटला चाचणीच्या वापराला वळण देणारा ठरला. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी काम करणाऱ्या मजुराला कायम करण्यापूर्वी त्याची एचआयव्ही तपासणी झाली आणि पॉझिटिव्ह निकालावरून त्याचे काम गेले. 1997 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारता येणार नाही. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने चालू देण्यात आला. नाव झाकून न्याय मागता येतो हे कळल्यावर इतरांनाही कोर्टाची पायरी चढण्याचे धैर्य आले.

सक्तीचा मोह मात्र गेला नाही. 2000 नंतरच्या दशकात गोवा, महाराष्ट्र आणि आणखी काही राज्यांत लग्नाआधी चाचणी सक्तीची करण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. हेतू मुलींच्या संरक्षणाचा होता, हे मान्य. पण लग्नाच्या आदल्या महिन्यातील निगेटिव्ह कागद पुढच्या वर्षीची हमी देत नाही आणि नुकती झालेली लागण त्यात दिसतही नाही. असे प्रमाणपत्र खोटा दिलासा देण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

ऐच्छिक समुपदेशन आणि चाचणी केंद्रे 1997 पासून सुरू झाली. 2006 च्या सुमारास ती एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, म्हणजे आयसीटीसी, झाली. जिल्हा रुग्णालयात ‘आयसीटीसी कुठे आहे?’ असेच विचारले जाते. चाचणीआधी समुपदेशक माहिती देतो, संमती घेतो, नावाऐवजी क्रमांकाने नमुना आत जातो. पहिली चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर तिथेच निगेटिव्ह निकाल मिळतो. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच नमुन्यावर आणखी दोन. तिन्ही निकालांत मेळ बसला नाही, तर निकाल अनिश्चित धरून 14 ते 28 दिवसांनी पुन्हा बोलावतात. अहवाल ज्याचा त्याच्याच हाती, समोर बसवून दिला जातो.

तरीही एप्रिल 2004 पर्यंत एक प्रश्न निरुत्तर होता: निकाल कळून करायचे काय? औषधे होती, पण ती परवडणारे थोडेच. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने निवडक रुग्णालयांत विषाणूरोधी औषधांचा मोफत उपचार, म्हणजे एआरटी, सुरू केला, त्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. चाचणीकडे पाहण्याची नजर त्यानंतर खऱ्या अर्थाने बदलली. सुरुवातीला रोगप्रतिकारक सीडी4 पेशींची संख्या 200 च्या खाली गेल्यावरच औषध मिळे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर गेली आणि 2017 पासून पॉझिटिव्ह निकाल आला की लगेच उपचार, असे धोरण झाले.

चाचणीने देशाचा आकडाही बदलला. प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांतील आणि गुप्तरोग बाह्यरुग्ण विभागांतील निनावी नमुन्यांवरून भारतात सुमारे 52 लाख लोक बाधित असल्याचा अंदाज होता. 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन सुमारे एक लाख लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब घेतले गेले. ते कागदावर वाळवून तपासले तेव्हा प्रौढांतील प्रमाण 0.28 टक्के निघाले. 2007 मध्ये अंदाज सुमारे 25 लाखांवर आला. रोग निम्मा झाला नव्हता. मोजणी सुधारली होती.

निकाल वाचताना आजही सर्वाधिक घोळ होतो तो विंडो पिरियडबाबत. लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसेपर्यंतचा हा काळ. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या जलद चाचणीला साधारण 23 ते 90 दिवस लागू शकतात. चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतील चाचणी विषाणूचे पी24 हे प्रथिनही शोधते, म्हणून शिरेतून घेतलेल्या रक्तात ती 18 ते 45 दिवसांत लागण दाखवते. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी 10 ते 33 दिवसांत. धोक्याचा प्रसंग घडल्यावर दुसऱ्याच दिवशी केलेली निगेटिव्ह चाचणी त्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. अशा वेळी 72 तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधे अधिक महत्त्वाची असतात.

बाळांचे गणित वेगळे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे लागण नसलेले मूलही नेहमीच्या चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह येते. 2010 पासून भारतात बाळाच्या टाचेतून घेतलेले थेंब कागदावर वाळवून विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी पाठवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दुसरा गैरसमज औषध घेणाऱ्यांचा. नियमित एआरटीने रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण प्रतिपिंडे राहतात, म्हणून साधी चाचणी पॉझिटिव्हच येते. ‘निगेटिव्ह करून देतो’ म्हणणाऱ्या भोंदू वैद्यांचा धंदा या अज्ञानावर चालत आला आहे. उपचार लागू पडतो की नाही हे रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी व्हायरल लोड चाचणी सांगते.

2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, नोकरी, शिक्षण किंवा उपचारांसाठी चाचणीची अट घालता येत नाही आणि निकाल उघड करणे गुन्हा ठरू शकते. शस्त्रक्रियेआधी न विचारता एचआयव्ही तपासून टाकण्याची सवय असलेल्या रुग्णालयांनाही हा कायदा लागू आहे. घरच्या घरी करायची स्वचाचणी अमेरिकेत 2012 मध्ये बाजारात आली आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिचा रिअ‍ॅक्टिव्ह निकाल हे निदान नव्हे, पुढची तपासणी केंद्रावरच करावी लागते. ती सरकारी केंद्रात मोफत होते, आणि जवळचे केंद्र कुठे आहे हे 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येते.